न लागलेले चेंडू

भुसावळच्या उन्हाळ्यात माणसं दोनच गोष्टींवरून भांडतात, पाण्यावरून आणि क्रिकेटवरून. त्या वर्षी नळाला पाणी बऱ्यापैकी येत होतं, म्हणून सगळं गाव क्रिकेटवर तुटून पडलं होतं. आणि भांडण कोणावरून, तर मालन भारंबेवरून! वय एकोणऐंशी, रेल्वेच्या तिकीट खिडकीवरून निवृत्त, दोन्ही गुडघे बदललेले, रोज सकाळी गॅलरीत बसून मेथी निवडणारी बाई. तिला जगाच्या सर्वकालीन महिला संघात घ्यायचं की नाही, यावर पानटपरीपासून परदेशी वाहिन्यांपर्यंत खल चालला होता.

"आई, दहा नावं पक्की झाली," उदय, तिचा मुलगा, फोन नाचवत आत आला. "अकरावी जागा सलामीच्या फलंदाजाची. तू, नाहीतर ती न्यूझीलंडची."

"तिला घ्या की मग. तरुण असेल बिचारी."

"अगं, ती बहात्तर वर्षांची आहे!"

"मग माझ्यापेक्षा तरुणच झाली ना," मालन म्हणाली आणि मेथीची पुढची जुडी सोडली.

वर वर थट्टा चालली होती खरी, पण आतून बाई हरखली होती. का हरखू नये? सर्वकालीन संघ म्हणजे आजवर नुसती तोंडाची वाफ असे. ज्याचा खेळ कॅमेऱ्यात सापडला तो थोर, ज्याचा नाही तो ऐकीव. बायकांच्या जुन्या क्रिकेटचं तर विचारूच नका. मालन साठ वर्षांपूर्वी पाच आंतरराष्ट्रीय सामने खेळली, त्यांची धावपुस्तकं वाळवीने खाल्ली. उरले होते निकाल, मालिकेतल्या तिच्या तीनशे अकरा धावा, आणि पलंगाखालची एक बॅट. बोलायला लागली ती बॅट.

तिला बोलती केली डॉ. रेणू सपकाळे या मुलीने. चोपड्याची पोरगी, पुण्याच्या प्रयोगशाळेत लाकडावर संशोधन करणारी. बॅट वाचून झाल्यावर ती स्वतः परत द्यायला आली, आणि चहाचा कप बाजूला ठेवून तिने मायलेकांना सगळं समजावून सांगितलं.

विलोचं लाकूड मऊ असतं. त्याच्या आत केसांहून बारीक पोकळ नळ्या असतात. चेंडू आदळला की त्या जागच्या काही नळ्या चेपतात, त्या कायमच्या. सरळ आलेला चेंडू त्या सरळ चेपतो, आणि गिरक्या घेत आलेला चेंडू ओलं फडकं पिळावं तसा त्यांना पीळ देतो. पिळावरून कळतं, चेंडू कुठल्या बाजूला आणि किती फिरत होता. रेणूचं यंत्र क्ष-किरणांनी बॅटचे हजारो पातळ काप चित्रात काढतं आणि कुठला चेप कुठल्या चेपावर बसला ते लावत जातं. अशी एकेक बॅट म्हणजे तिला लागलेल्या प्रत्येक चेंडूची वही. जगभरच्या जुन्या बॅटा अशाच वाचून निवड समिती या वेळी क्रमवारी लावत होती.

"पण तारीख कशी कळते?" उदयने विचारलं.

"जवसाच्या तेलावरून. दर मोसमाला तुम्ही बॅटला तेल पाजायचात ना, आजी? तो थर आत वाळतो. दोन थरांच्या मधलं सगळं एका मोसमाचं. तुमचा शेवटचा थर दौऱ्यासाठी निघायच्या तारखेचा आहे, तुमच्या कॅप्टनच्या डायरीत नोंद आहे तशी. आणि त्या थराच्या वर..." रेणूचे डोळे लकाकले. "त्या थराच्या वर चारशे बारा चेंडू असे आहेत, की इतकी फिरकी आजवर कुठल्याच बाईच्या हातून सुटलेली नोंदवलेली नाही. पुरुषांतही बोटांवर मोजण्याइतकी. यंत्र म्हणतं, ही तिकडच्या यजमान संघातली उंच लेगस्पिनर. तिचेच दोन तऱ्हांचे चेंडू, काही साधे, काही हे असे. आणि हे चारशे बारा तुम्ही बॅटच्या मधोमध घेतलेत! आठवते का ती?"

"जिराफबाई!" उदय ओरडला. "आई सगळ्यांना सांगते तिचं. धुतलं होतं आईने तिला."

मालनच्या हातातली मेथी तशीच राहिली. जिराफबाईचा चेंडू फारसा फिरतच नसे. उंचीवरून यायचा म्हणून भीती वाटायची, एवढंच. चारशे बारा चेंडू कोणाचे ते मालनला त्याच क्षणी कळलं होतं.

"आठवते," ती एवढंच म्हणाली.

गप्प बसणं हे काही खोटं बोलणं नव्हे, असं माणूस स्वतःला सांगतो. मालननेही सांगून पाहिलं. चार दिवस सांगितलं. तेवढ्यात चौकात तिचं पोस्टर लागलं, नगरपालिकेने सत्काराची तारीख विचारली आणि उदयने नवा झब्बा शिवायला टाकला. रविवारी निवड समितीची शेवटची बैठक होती, जगभर दिसणारी. त्यात दोन्ही उमेदवारांना पाच मिनिटं बोलायचं होतं. पाचव्या दिवशी मालनने बॅट पिशवीत घातली.

"मला यावलला सोड," ती उदयला म्हणाली. "कौशीकडे जायचंय."

कौसल्या तायडे म्हणजे खानदेशात कोणाला सांगायला नको. खापरावरचे मांडे करावेत तर कौसल्याबाईंनी. पुरण भरलेला गोळा हातावर घेऊन नुसत्या मनगटाच्या हिसक्यांनी कोपरापर्यंत पसरवायचा, आणि तापल्या खापरावर अलगद टाकायचा. लग्नं मुहूर्तावर लागत, पण पंगती कौसल्याबाई आल्याशिवाय बसत नसत. ते मनगट आधी काय करत होतं, हे मात्र मालनशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

कौशी रेल्वेच्या मैदानावरच्या माळ्याची मुलगी. बाप काथ्याची मॅट अंथरायचा, ही तिच्या कडा ठोकायची, आणि मॅट अंथरलीच आहे तर म्हणून चेंडू टाकायची. कोणी शिकवलं नव्हतं. पहाटे भोंगा व्हायच्या आत मालन बॅट घेऊन यायची आणि कौशी टाकायची. चार वर्षं. मग एकदा निवड चाचणी जाहीर झाली, आणि दोघी हातात हात घालून गेल्या. निवडकर्त्यांनी कौशीच्या हातात चेंडू दिला आणि समोर फलंदाज म्हणून नेमकी मालनच उभी केली.

बाकीच्या मुलींना कौशीचा चेंडू दिसलाही नसता. मालनला तो पाठ होता. तिच्या खांद्यावरून, अंगठ्यावरून, नाकपुडीवरूनसुद्धा मालनला कळायचं आता काय येणार. दोन ओव्हरमध्ये मालनने चार चौकार मारले. निवडकर्ते म्हणाले, मुलगी जबरदस्त खेळते, घ्या. आणि ही लेगस्पिनर? छे, सामान्य आहे, मार खाते.

मालनला संघ मिळाला. संघामुळे रेल्वेची नोकरी मिळाली, क्वार्टर मिळालं, पेन्शन मिळालं. कौशीला यावलचं स्थळ मिळालं.

कौशी अंगणात चुलीपुढे बसली होती. भोवती चार-पाच सुना-पोरी मांडे शिकत होत्या. मालनला पाहून तिने पिठाचे हात तसेच कपाळाला लावले.

"माय वं! का वं मालन, ऊन तरी उतरू द्यायचं. अन् तू तर मोठी झाली म्हणे, जगाच्या टीममध्ये जाऊन राह्यली!"

"जाऊन नाही राह्यली," मालन खाटेवर बसली आणि एका दमात सगळं बोलून मोकळी झाली. चारशे बारा चेंडू, तेलाचा थर, जिराफबाई, आपलं गप्प बसणं, सगळं. "दौऱ्यासाठी बॅटला तेल लावलं अन् दौरा तीन आठवडे पुढे ढकलला, आठवतं? ते यंत्राला ठाऊकच नाही. त्याला वाटतं तेल लावलं अन् मॅच सुरू झाली. त्या तीन आठवड्यांतले चेंडू आहेत ते. तुझे."

कौशीने मांडा खापरावर टाकला, उलटवला, काढला. "मग?"

"मग काय मग? मी रविवारी खरं सांगणार."

"वेडी का तू? सांगशील तर तुझं नाव जाईल ना?"

"जाईल."

"अन् माझं लागेल?"

मालनने रेणूला आधीच विचारलं होतं, आडून आडून. नियम सरळ होता. निदान एक आंतरराष्ट्रीय सामना हवा. "नाही," ती म्हणाली.

"मग गावजेवण माझ्या हातचं ठेव अन् गप्प बस. तुझ्या नावाने माझे चेंडू गेले तर जाऊ दे ना. नाहीतर ते लाकडातच पडले होते." पोरी हसल्या. कौशी हसली नाही. "एक सांग पण. चाचणीच्या दिवशी तुला एखादा चेंडू सोडता नव्हता का येत?"

साठ वर्षांत तिने हे पहिल्यांदा विचारलं होतं. लग्नात भेटल्या, मयतीत भेटल्या, दिवाळीचा फराळ इकडून तिकडे गेला, पण हे नाही.

"येत होता," मालन म्हणाली. "मला कळत होतं सगळं. पण बॅट थांबेना वं. वाटलं, हे लोक मलाच घेतील."

"बरं केलं नाही सोडला," कौशी पुढचा गोळा हातावर घेत म्हणाली. "सोडला असता तर तुलाही नसतं घेतलं. दोघी घरी बसलो असतो."

"मग तू त्यानंतरही का येत होतीस? एकवीस दिवस? पहाटे पाचला?"

"तिकडची उंच बाई तुला खाईल म्हणून घाबरली होतीस ना तू. मी म्हटलं, हिला इतकं फिरवून दाखवते की ती बाई हिला आळणी वाटली पाहिजे." कौशीने हातातला गोळा थापला. "अन् वाटली ना आळणी?"

मालन रडायलाच लागली. मग कौशीने तिच्यापुढे मांड्याचं ताट सरकवलं आणि दुधाची वाटी ठेवली. रडता रडता मालनने दोन मांडे खाल्ले. ऊन उतरल्यावर ती उठली.

"मी सांगणार आहे," दारातून ती म्हणाली.

"तुझं कोण ऐकेल ते मरो, तू कधी कोणाचं ऐकलं आहेस?" कौशी म्हणाली.

रविवारी उदयने पडद्यासमोर आईची खुर्ची मांडली. समितीत नऊ जण होते, नऊ देशांतले. जो तो आपापल्या भाषेत बोले आणि ऐकणाऱ्याच्या कानात त्याची भाषा येई. आधी न्यूझीलंडच्या बाई बोलल्या, भल्या होत्या, मालनचंच कौतुक करून गेल्या. मग मालनची पाळी आली.

"ते चारशे बारा चेंडू जिराफबाईचे नाहीत," मालनने सुरुवातच तिथून केली. "ते माझ्या मैत्रिणीचे, कौसल्या तायडेचे. आमच्या मैदानावर, सरावात टाकलेले."

उदय पडद्याच्या मागून दोन्ही हातांनी नको नको करत होता. मालनने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तिने तेलाचं सांगितलं, ढकललेल्या दौऱ्याचं सांगितलं, चाचणीचंही सांगितलं, चार चौकारांसकट. मग ती म्हणाली, "मॅच गवतावर झाल्या. आमच्याकडे काथ्याची मॅट होती. रेणू, बघ गं, काही सापडतं का."

पुण्याहून बैठकीत बसलेली रेणू पांढरीफटक पडली. यंत्राने चेपांच्या आत काही तपकिरी कण पाहिले होते, आणि मळ म्हणून पुसून टाकले होते. तिने पुसलेलं परत आणलं. पाच मिनिटं ती एकेक चेप तपासत राहिली. चारशे बारापैकी जवळजवळ प्रत्येक चेपात काथ्याचा भुगा होता, आणि जिराफबाईच्या साध्या चेंडूंत एकाही ठिकाणी नव्हता.

"माझी चूक झाली," रेणू म्हणाली. "आजींचं बरोबर आहे."

यंत्राने पुन्हा हिशेब मांडला. मालन भारंबे अकराव्या जागेवरून थेट चौतिसाव्या जागेवर गेली.

अध्यक्ष एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, "या कौसल्या तायडे. आंतरराष्ट्रीय सामने किती?"

"एकही नाही."

"राज्याकडून?"

"नाही."

"क्लबकडून तरी?"

"क्लब कुठे होता हो बाई? मॅट होती."

मग जो वाद पेटला, तो आजही लोक काढून काढून ऐकतात. एक म्हणाला, नियम तो नियम. दुसरी म्हणाली, कसला नियम, निवडणाऱ्यांनी चूक केली आणि शिक्षा तिलाच दोनदा? तिसरा म्हणाला, सरावात चेंडू टाकणाऱ्या साऱ्या जगाला संघात घ्यायचं का? अध्यक्षबाईंनी हात वर केला आणि मालनला शेवटचा प्रश्न विचारला, "सरावात ती रोज किती टाकायची?"

"सहा ओव्हर. एकवीस सकाळी. भोंगा वाजेपर्यंत तेवढ्याच व्हायच्या."

रेणूने तिकडे गुणाकार केला. "सातशे छप्पन्न. बॅटला लागले चारशे बारा. म्हणजे तीनशे चव्वेचाळीस..."

"लागलेच नाहीत," मालन म्हणाली. "बॅटला लागला त्याचा वण राहतो, बाई. लागला नाही त्याचा कसा राहणार? तिचे चांगले चेंडू तुमच्या यंत्रात नाहीतच. आणि हे चार वर्षं पाठ करून बसलेल्या माझ्यासमोर! ते तीनशे चव्वेचाळीस पाहिलेली जगात मी एकटी आहे. माझं वय एकोणऐंशी. म्हणून आजच लिहून घ्या, एवढंच सांगायला बसले मी."

नियम काही बदलला नाही. मतं पाच विरुद्ध चार पडली. सर्वकालीन संघात न्यूझीलंडच्या बाई गेल्या. पण समितीच्या निकालपत्रात, अकरा नावांच्या खाली, मालनची साक्ष शब्दन्‌शब्द छापली गेली. आणि आणखी एक झालं. जगभरच्या मैदानांवर तेव्हा सरावयंत्रं आली होती, कुठल्याही गोलंदाजाचा चेंडू हुबेहूब टाकणारी. त्या यादीत रेणूने एक नाव घातलं, 'तायडे, भुसावळ'. महिनाभरात कुठल्या कुठल्या देशांतल्या मुली पहाटे उठून तायडेचा चेंडू खेळायला लागल्या.

"म्हणजे परत नेटमध्येच घातली का मला?" कौशी फोनवर ओरडली, आणि मग एवढी हसली, एवढी हसली, की मालनला फोन कानापासून लांब धरावा लागला.

उदय आठ दिवस फुरंगटून होता. "गावाला काय तोंड दाखवायचं?" म्हणाला.

"माझं दाखव. बरंय अजून," आई म्हणाली. नवव्या दिवशी तो आपणहून यावलला गेला आणि कौशीला गाडीत घालून घेऊन आला. भुसावळच्या मैदानावर सरावयंत्र बसलं होतं, ते तिला दाखवायचं होतं.

सकाळचे सहा वाजले होते. दोन मुली पॅड बांधून खेळत होत्या. यंत्राचा हात फिरला, चेंडू सुटला, टप्पा पडून फणा काढल्यासारखा वळला, आणि मुलीने कसाबसा अडवला. कौशीने नाकावर चष्मा चढवून पाच-सहा चेंडू पाहिले.

"माझाच आहे," ती म्हणाली. "पण लागणारा. न लागणारा यात नाही."

"यंत्राला तो सापडलाच नाही ना," मालन म्हणाली.

"आण इकडे तो चेंडू."

मुलींनी यंत्र बंद केलं. कौशीने पदर खोचला. पूर्ण अंतर झेपणार नव्हतं, म्हणून ती निम्म्यावर येऊन उभी राहिली. मालन नव्या गुडघ्यांवर तोल सावरत बॅट धरून उभी राहिली, तीच बॅट. तिने कौशीच्या खांद्याकडे पाहिलं, अंगठ्याकडे पाहिलं, नाकपुडीकडेही पाहिलं. मनगट मांड्याच्या हिसक्यासारखं फिरलं. चेंडू हळूच वर गेला, हळूच खाली आला, आणि बॅटच्या कडेवरून अर्ध्या बोटाने निसटून मागच्या स्टंपला लागला.

दोघी मुली किंचाळल्या. उदयने टाळ्या वाजवल्या.

"मुद्दाम सोडला ना वं?" कौशीने डोळे बारीक केले.

"नाही वं. तुझी शपथ. दिसलाच नाही." मालनने बॅट खाली टेकवली. "कौशी, तुझ्या चेंडूवर जगले मी. नोकरी, घर, हा पोरगा, सगळं त्याच्यावर. साठ वर्षांत एकदा म्हणायला हवं होतं, आज म्हणते. फार उपकार झाले गं तुझे."

कौशीने पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि हात पुढे केला.

"बरं बरं. चेंडू दे इकडे. ओव्हरचे पाच राह्यले अजून."